सही राष्ट्रपतींची, निर्णय कोणाचा?

या महिन्याच्या टपालात राष्ट्रपती, राज्यपाल आणि सत्ताविभाजन यांवरची पत्रे जास्त आहेत. बहुतेक पत्रांतला गोंधळ एकच आहे: कागदावर नाव एकाचे असते आणि ठरवणारा दुसराच असतो. हा फरक कळला नाही की जाब चुकीच्या दाराशी विचारला जातो आणि खरा जबाबदार माणूस सुटतो. म्हणून निवडक प्रश्नांना थोडी सविस्तर उत्तरे देत आहोत.

प्रश्न : प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे छापलेले असते. आमच्या बदल्यांचा जीआर राज्यपालांनी वाचला तरी असेल का? केंद्राच्या आदेशांवर राष्ट्रपतींचे नाव असते, तिथेही असेच का? (एक शिक्षक, बार्शी)

वाचलेला नसतो, आणि त्यांनी तो वाचावा अशी अपेक्षाही नाही. केंद्राची कार्यकारी सत्ता अनुच्छेद ५३ने राष्ट्रपतींच्या ठायी ठेवली आहे, म्हणून अनुच्छेद ७७प्रमाणे केंद्राचा प्रत्येक आदेश त्यांच्या नावाने निघतो. राज्यात हीच व्यवस्था अनुच्छेद १५४ आणि १६६ने राज्यपालांच्या नावाने केली आहे. कोणता विषय कोणत्या खात्याने, कोणत्या पातळीवर निकालात काढायचा हे कामकाजाचे नियम ठरवतात. काही विषय मंत्रिमंडळापुढे जातात, काही मंत्री स्वतः निकाली काढतात, आणि नेहमीची कामे सचिव किंवा उपसचिवांच्या पातळीवर संपतात.

हातातला जीआर खालून वर वाचा. ‘आदेशानुसार व नावाने’ या ओळीखाली उपसचिवाचे, अवर सचिवाचे किंवा कार्यासन अधिकाऱ्याचे नाव असते. आदेश अधिकृत आहे एवढेच त्या सहीने सिद्ध होते. निर्णय मात्र खात्याच्या फाइलीतल्या टिपणीवर झालेला असतो. तो कोणी, कशाच्या आधारे घेतला हे पाहायचे असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज राजभवनाकडे पाठवू नका. मंत्रालयातल्या संबंधित विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे पाठवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, जीआरचा क्रमांक, तारीख आणि संकेतांक लिहा आणि ‘या निर्णयाच्या नस्तीतील टिपणी भागाची प्रत’ असे नेमके मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. नुसते ‘कारणे कळवा’ असे लिहिले की ‘अशी माहिती अभिलेखात नाही’ हे उत्तर ठरलेले असते, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही.

एक भाग मात्र बंद आहे. मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना काय सल्ला दिला, याची चौकशी न्यायालयाला करता येत नाही. अनुच्छेद ७४(२) आणि १६३(३) तसे सांगतात. पण तो सल्ला ज्या कागदपत्रांवर उभा होता ती कागदपत्रे न्यायालय मागवू शकते, हे राष्ट्रपती राजवटीबद्दलच्या १९९४च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवून दिले आहे.

प्रश्न : राष्ट्रपतींना एखादा निर्णय पटला नाही, तर ते सही करायला नकार देऊ शकतात का? की ते खरोखर ‘रबरी शिक्का’ आहेत? (डोंबिवली)

‘रबरी शिक्का’ हा शब्द सोपा आहे आणि तितकाच दिशाभूल करणारा आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडताना या पदाची जागा स्पष्ट केली होती: राष्ट्रपती हे राज्याचे प्रमुख, कार्यकारी सत्तेचे नव्हेत, ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतात, राज्य चालवत नाहीत. तरीही राष्ट्रपतींच्या हातात नेमके काय उरते, हे पाहायचे तर समोरचा कागद कोणता आहे ते आधी विचारावे लागते.

कागद मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचा असेल, म्हणजे नेमणूक, राष्ट्रपती राजवट, वटहुकूम, तर तो सल्ला बंधनकारक आहे. मूळ घटनेत हे शब्दांत लिहिलेले नव्हते. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने ते लिहिले, आणि १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने एक फट ठेवली: राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. मंत्रिमंडळाने तोच सल्ला पुन्हा दिला, तर सही करावीच लागते. फट लहान आहे, पण तिचा उपयोग झालेला आहे. ऑक्टोबर १९९७मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. सप्टेंबर १९९८मध्ये बिहारची शिफारसही त्यांनी परत पाठवली. ती फेब्रुवारी १९९९मध्ये पुन्हा आली, तेव्हा सही झाली. परत पाठवल्याने निर्णय कायमचा थांबत नाही. सरकारला मात्र दुसऱ्यांदा, उघडपणे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तोच निर्णय घ्यावा लागतो, आणि पुष्कळदा एवढे पुरेसे असते.

कागद संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाचा असेल, तर अनुच्छेद १११ लागू होतो. त्यातही तीन प्रकार आहेत. साधे विधेयक राष्ट्रपती एकदा परत पाठवू शकतात. दोन्ही सभागृहांनी ते दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय पुन्हा मंजूर केले, तर अनुमती रोखता येत नाही. लाभाच्या पदांचे विधेयक डॉ. कलाम यांनी मे २००६मध्ये परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली. धन विधेयक परत पाठवताच येत नाही. आणि घटनादुरुस्ती विधेयकाला १९७१च्या २४व्या दुरुस्तीनंतर अनुमती देणे सक्तीचे आहे. तिथे ना परत पाठवणे, ना रोखून धरणे.

खरी जागा आहे ती वेळेची. परत पाठवायचे तर ‘शक्य तितक्या लवकर’ पाठवा, असे अनुच्छेद १११ म्हणतो. दिवस मोजून देत नाही. १९८६मध्ये संसदेने टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक मंजूर केले. नागरिकांची पत्रे अडवून उघडण्याचे मोठे अधिकार त्यात सरकारला मिळत होते. ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. १९८७मध्ये त्यांचा कार्यकाळ संपला. ते विधेयक कायदा कधीच झाले नाही. त्या विधेयकाबद्दल त्यांचे आभार मानावेत, असे आम्हाला वाटते. पण जे हत्यार आज वाईट विधेयक अडवते तेच उद्या चांगले विधेयकही अडवू शकते, म्हणून मुदतीचा प्रश्न राहतोच.

राष्ट्रपतींनी प्रश्न न विचारता सही केली की काय होते, त्याचे उदाहरण २५ जून १९७५च्या रात्रीचे. फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आले. ‘मंत्रिमंडळाचा निर्णय कुठे आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारायला हवा होता. म्हणूनच ४४व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५२मध्ये अट घातली: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही.

राष्ट्रपतींना स्वतःच्या बुद्धीने वागावे लागते असा मोठा प्रसंग एकच: लोकसभेत कोणालाच बहुमत नसते तेव्हा पंतप्रधान म्हणून कोणाला बोलवायचे. १९८९मध्ये आर. वेंकटरामन यांनी सर्वांत मोठ्या पक्षाला आधी विचारले. १९९८मध्ये नारायणन यांनी पाठिंब्याची पत्रे मागितली. या दोन्ही पद्धतींपैकी एकही घटनेत लिहिलेली नाही.

प्रश्न : इथे अमेरिकेत मुलांना शाळेत ‘तीन स्वतंत्र शाखा’ शिकवतात. भारतात पंतप्रधान आणि मंत्री संसदेतच बसतात. मग भारतात सत्ताविभाजन आहे असे म्हणता येईल का? (एडिसन, न्यू जर्सी)

आधी शब्दांबद्दल. मराठी वर्तमानपत्रे अमेरिकेसाठी ‘राष्ट्राध्यक्ष’ आणि भारतासाठी ‘राष्ट्रपती’ लिहितात. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत वेगळे शब्द आहेत हे आपले भाग्य, कारण ही दोन पदे खरोखर वेगळी आहेत. मुलांना समजावताना हे दोन शब्द वेगळेच ठेवा.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार आहेत. त्यांचे मंत्री काँग्रेसचे सदस्य असू शकत नाहीत. सिनेटर मंत्री झाला तर सिनेटची जागा सोडावी लागते. विधेयक हाती आल्यावर राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवस मिळतात. सही केली तर कायदा. कारणे लिहून परत पाठवले तर तो नकाराधिकार, आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. दहा दिवस काहीच केले नाही तर विधेयक आपोआप कायदा होते. मात्र दरम्यान काँग्रेस स्थगित झाल्यामुळे परत पाठवणे शक्य नसेल, तर ते मरते. झैलसिंग यांनी केले त्याच्याशी याची तुलना होते, पण तिथे दिवस मोजलेले आहेत, आपल्याकडे नाहीत.

भारतात उलट आहे. अनुच्छेद ७५प्रमाणे मंत्री सहा महिन्यांत संसदेचा सदस्य झाला नाही तर त्याचे मंत्रिपद जाते. म्हणजे अमेरिकेत जे निषिद्ध ते इथे सक्तीचे. हे नकळत झालेले नाही. १० डिसेंबर १९४८ला प्रा. के. टी. शहा यांनी तिन्ही अंगांची पूर्ण फारकत करणारा नवा अनुच्छेद घालावा, अशी दुरुस्ती संविधान सभेत मांडली होती. ती फेटाळली गेली. डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद महिनाभर आधीच येऊन गेला होता: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. संसदीय पद्धतीत सरकारची झडती रोज होते, प्रश्नोत्तरांत, ठरावांत, अविश्वासाच्या प्रस्तावांत. फक्त निवडणुकीत नव्हे. आपण जबाबदारी निवडली.

म्हणून भारतातले विभाजन नीट पाहायचे असेल तर भिंत कुठे आहे ते पाहा. ती संसद आणि सरकार यांच्यामध्ये फारशी नाही. ती न्यायालयाभोवती आहे. न्यायाधीशाच्या वर्तनावर संसदेत चर्चा करता येत नाही, त्याला पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव असेल तेवढा अपवाद (अनुच्छेद १२१). संसदेच्या कामकाजात पद्धतीची चूक झाली म्हणून न्यायालयात जाता येत नाही (अनुच्छेद १२२). सर्वोच्च न्यायालयाने १९५५च्या राम जवाया कपूर खटल्यात म्हटले की आपल्या घटनेने हे तत्त्व काटेकोर ताठरपणे स्वीकारलेले नाही. आणि १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात याच तत्त्वाची गणना घटनेच्या मूलभूत चौकटीत झाली. या दोन निकालांत विरोध नाही. कामे एकमेकांत मिसळू शकतात. पण एका अंगाने दुसऱ्याचे गाभ्याचे काम हिरावून घेता कामा नये, एवढाच त्यांचा अर्थ.

प्रश्न : महाराष्ट्राने मंजूर केलेले ‘शक्ती’ विधेयक राष्ट्रपतींकडे का गेले? विधानसभेने मंजूर केले म्हणजे झाला ना कायदा? आणि अशा विधेयकाला मुदत असते का? (चंद्रपूर)

महिला आणि मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारे ‘शक्ती’ हे फौजदारी कायद्याचे विधेयक होते. फौजदारी कायदा हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, विषय आहे. त्यावर केंद्राचा कायदा असताना राज्याने त्याच्याशी विसंगत कायदा केला तर केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. अपवाद एकच: राज्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले गेले आणि त्यांनी अनुमती दिली, तर त्या राज्यापुरते ते टिकते (अनुच्छेद २५४(२)). ‘शक्ती’ने केंद्राच्या दंडसंहितेत आणि फौजदारी प्रक्रियेत बदल सुचवले होते. विधिमंडळाने ते डिसेंबर २०२१मध्ये मंजूर केले, ते दिल्लीला गेले आणि कायदा झाले नाही. अनुमती देणारे नाव राष्ट्रपतींचे असले, तरी तपासणी केंद्रीय गृह मंत्रालय आणि संबंधित खाती करतात. आक्षेपांची पत्रेही तिथूनच येतात. जाब विचारायचा तर तिथे.

संसदेच्या विधेयकापेक्षा इथे एक मोठा फरक आहे आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. राज्याचे विधेयक राष्ट्रपतींनी परत पाठवले, तर विधिमंडळाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा असतो. पण विधिमंडळाने ते पुन्हा मंजूर केले तरी अनुमती देण्याचे बंधन राष्ट्रपतींवर नाही (अनुच्छेद २०१). संसदेला मिळणारी ‘दुसऱ्यांदा मंजूर केले की सही करा’ ही हमी राज्याला मिळत नाही.

मुदतीबद्दल. ८ एप्रिल २०२५ला तामिळनाडूच्या दहा विधेयकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपाल आणि राष्ट्रपती यांना मुदती घालून दिल्या. राष्ट्रपतींसाठी ती तीन महिन्यांची होती. त्या दहा विधेयकांना अनुमती मिळाली असे मानावे, असेही त्यांनी ठरवले. त्यावर राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३खाली चौदा प्रश्न न्यायालयाच्या मतासाठी पाठवले. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्यासह पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ला मत दिले: घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही, आणि ‘मानलेली अनुमती’ ही कल्पनाही घटनेत बसत नाही. त्याच वेळी राज्यपालांना विधेयक नुसते दाबून ठेवता येत नाही. अनुमती द्यावी, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवावे किंवा संदेशासह सभागृहाकडे परत पाठवावे, हे तीनच मार्ग. दीर्घकाळ, कारण न देता काहीच केले नाही, तर ‘निर्णय घ्या’ एवढा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकते. निर्णय काय घ्यायचा, ते मात्र न्यायालय सांगणार नाही.

आमचे मत विचाराल तर न्यायालयाने मुदत घालू नये हे तत्त्व म्हणून योग्य आहे. मुदत घालण्याचे काम घटनादुरुस्तीने संसदेने करावे, आणि ते आता लांबवू नये.

प्रश्न : २३ नोव्हेंबर २०१९ला पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. मंत्रिमंडळाची बैठक न होता हे कसे घडले? (नागपूर)

क्रम असा. १२ नोव्हेंबरला राज्यपालांचा अहवाल गेला, केंद्रीय मंत्रिमंडळाने शिफारस केली आणि त्याच दिवशी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी अनुच्छेद ३५६खाली घोषणा केली. विधानसभा विसर्जित झाली नाही, निलंबित राहिली. हे महत्त्वाचे आहे: संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मान्यता देईपर्यंत विधानसभा विसर्जित करू नये, हे बोम्मई निकालाने बजावलेले आहे. मान्यतेसाठी दोन महिन्यांची मुदत असते. मान्यता मिळाली तर एका वेळी सहा महिने, आणि अटींसह जास्तीत जास्त तीन वर्षे.

राजवट उठवायला मात्र संसद लागत नाही. राष्ट्रपतींची दुसरी घोषणा पुरते. त्या घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा सल्ला हवा. इथे केंद्र सरकारच्या कामकाजाच्या १९६१च्या नियमांतला नियम १२ वापरला गेला. आवश्यक वाटल्यास पंतप्रधान या नियमांना सोडून वागण्याची मुभा देऊ शकतात किंवा तसे झालेले मान्य करू शकतात, असा तो नियम आहे. मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेतली जाते. घोषणा पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी झाली आणि काही तासांतच राजभवनात मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला.

नियम १२ बेकायदा नाही. तो पूर, युद्ध, अपघात अशा प्रसंगी कामाला येतो, कारण तेव्हा मंत्री जमवायला वेळ नसतो. अडचण वेगळी आहे. राष्ट्रपतींकडे सल्ला परत पाठवण्याचा जो एकमेव अधिकार आहे, तो वापरायला वेळ लागतो, आणि मध्यरात्रीनंतर आलेल्या फाइलीवर तो वेळच उरत नाही. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, राजवट लावण्या-उठवण्यासारख्या निर्णयांसाठी हा नियम वापरू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. पुढची दुरुस्ती न्यायालयाने केली: २६ नोव्हेंबरला आदेश झाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी घ्या, मतदान गुप्त नको, थेट प्रक्षेपण करा. चाचणीपूर्वीच मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. बहुमत कोणाकडे आहे हे राजभवनात मोजायचे नसते, सभागृहात मोजायचे असते, हाही बोम्मई निकालाचाच धडा.

प्रश्न : वटहुकूम किती दिवस टिकतो? सरकार तो पुन्हा पुन्हा काढू शकते का? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, पुणे)

संसदेची दोन्ही सभागृहे एकाच वेळी चालू असताना राष्ट्रपतींना वटहुकूम काढता येत नाही. एक जरी सभागृह बंद असेल तरी काढता येतो. सभागृहे पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर वटहुकूम संपतो. सभागृहे वेगवेगळ्या तारखांना भरली तर नंतरच्या तारखेपासून मोजायचे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, म्हणून कमाल आयुष्य सहा महिने आणि सहा आठवडे. परीक्षेत पुष्कळ जण फक्त ‘सहा महिने’ लिहितात आणि गुण घालवतात.

तुम्ही पुण्यात आहात, तर हेही जाणून घ्या. पुन्हा पुन्हा वटहुकूम काढण्याचा प्रकार उजेडात आणला तो तुमच्याच शहरातल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. डी. सी. वाधवा यांनी. बिहारच्या जमीनधारणेचा अभ्यास करताना त्यांना दिसले की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम काढले गेले आणि विधिमंडळाला वळसा घालून ते पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. काही तर चौदा वर्षांपर्यंत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६मध्ये पाच न्यायमूर्तींनी हा प्रकार म्हणजे घटनेची फसवणूक असल्याचे सांगितले आणि वाधवा यांना दहा हजार रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. २०१७मध्ये, बिहारच्याच दुसऱ्या प्रकरणात, सात न्यायमूर्तींच्या पीठाने हेच अधिक कडकपणे सांगितले. हे वटहुकूम राज्यपालांच्या नावाने निघाले होते. नाव राज्यपालांचे, काम सरकारचे आणि वळसा विधिमंडळाला.

प्रश्न : राष्ट्रपतींच्या निवडणुकीत गोव्याच्या आमदाराचे मत महाराष्ट्राच्या आमदारापेक्षा इतके हलके का? (मडगाव)

कारण मत आमदाराचे असले तरी वजन लोकसंख्येचे असते. हिशेब असा: राज्याची १९७१ची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागायचे. भाग जाऊन पाचशे किंवा त्याहून जास्त उरले तर एक वाढवायचा. महाराष्ट्र: ५,०४,१२,२३५ भागिले २८८, म्हणजे सुमारे १,७५,०४२, हजाराने भागून १७५. गोवा: ७,९५,१२० भागिले ४०, म्हणजे १९,८७८, पूर्णांकात २०. उत्तर प्रदेशात हाच आकडा २०८ आणि सिक्कीममध्ये ७. सर्व आमदारांच्या मतमूल्याची बेरीज निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराचे मूल्य येते. २०२२मध्ये ते ७०० होते.

लोकसंख्या १९७१चीच का? कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ती गोठवलेली आहे.

मतदानात चुका कुठे होतात? २०२२मध्ये खासदार-आमदारांची मिळून ५३ मते बाद झाली. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच पसंतीक्रम लिहावा लागतो. स्वतःचे पेन वापरले की मत बाद. पहिली पसंती लिहिली नाही तरी बाद. दुसरी-तिसरी लिहिणे ऐच्छिक आहे. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. विधान परिषदेच्या आमदारांना आणि राज्यसभेतल्या नामनियुक्त सदस्यांना मत नाही. पण महाभियोग आला तर नामनियुक्त खासदार त्यात भाग घेऊ शकतात आणि आमदार घेऊ शकत नाहीत; निवडणारे वेगळे, काढणारे वेगळे. आजवर कोणत्याही राष्ट्रपतींवर महाभियोग चाललेला नाही.

प्रश्न : फाशीची शिक्षा झालेल्यांचे दयेचे अर्ज वर्षानुवर्षे का पडून राहतात? राष्ट्रपती स्वतः ठरवत नाहीत का? (कोल्हापूर)

नाही, इथेही मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयात तपासला जातो; राष्ट्रपती भवनात पोहोचते ती मंत्रालयाची शिफारस. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ने आता दिवस बांधले आहेत. अपील फेटाळल्याचे तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. आधी राज्यपालांकडे केला असेल, तर त्यांनी तो निकालात काढल्यापासून साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्याचे अभिप्राय आणि कागदपत्रे आल्यावर केंद्राने साठ दिवसांत शिफारस करायची. राष्ट्रपतींच्या स्वतःच्या निर्णयाला मात्र मुदत नाही.

उशीर बहुधा राष्ट्रपतींच्या टेबलावर होत नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या बालहत्याकांडात दोन बहिणींची फाशी जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. कारण दयेचे अर्ज निकाली निघायला जवळपास आठ वर्षे लागली होती, आणि न्यायालयाने ठपका ठेवला तो फाइल हलवणाऱ्या सरकारी यंत्रणेवर. असा अकारण विलंब हा शिक्षा कमी करण्याचा आधार ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या शत्रुघ्न चौहान खटल्यात ठरवले आहे. मारल्या गेलेल्या मुलांच्या आईबापांना या विलंबातून काय मिळाले, हा प्रश्न त्या खात्यांना विचारायला हवा.

प्रश्न : सातबारावरची चूक दुरुस्त होत नाही म्हणून राष्ट्रपतींना पत्र लिहिले. तीन महिन्यांनी ते फिरून आमच्या तहसीलदाराकडेच आले! (संगमनेर)

ते तसेच येणार होते. राष्ट्रपती सचिवालय अशी पत्रे निकालात काढत नाही. संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्याच्या मुख्य सचिवांकडे पाठवते. जमीन हा राज्याचा विषय, म्हणून पत्र मंत्रालय, जिल्हाधिकारी, तहसील असे उतरत जाते. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती ती पडते.

तुमचा मार्ग असा. चूक लेखनाची असेल, म्हणजे नाव, क्षेत्र किंवा गट क्रमांक उतरवताना झालेली, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली तहसीलदाराकडे अर्ज करा; जुना उतारा, फेरफार आणि मूळ दस्त जोडा, पोच घ्या. हक्काचाच वाद असेल तर कलम १५५ चालत नाही. इथेच बहुतेक अर्ज फसतात. तहसीलदाराचा आदेश विरुद्ध गेला तर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा. त्यासाठी आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागा. पुढच्या पायऱ्यांत महसूल खात्याचे मंत्रीसुद्धा अशा प्रकरणांत न्यायनिवाडा करतात. कार्यकारी अंगाने न्यायालयाचे काम करण्याचा हा आपल्या राज्यातला रोजचा प्रकार आहे. म्हणून त्यांच्यापुढे सुनावणी होईल तेव्हा लेखी म्हणणे द्या आणि तारखेच्या रोजनाम्याची नक्कल घ्या. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तिथे हेच कागद पाहिले जातात.